राष्ट्रीय फुटबॉल संघाची मोहीम कशी पाहावी, कशी जोखावी : खान्देशातील प्रेक्षकांसाठी

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत फुटबॉलवर जीव असलेली माणसे कमी नाहीत, फक्त ती विखुरलेली आहेत. भुसावळच्या रेल्वे वसाहतीत, जळगाव-धुळ्याच्या वसतिगृहांत, शहाद्यापासून रावेरपर्यंतच्या तालुक्याच्या गावांत युरोपातील क्लबांचे सामने रात्री जागून पाहणारी मुले सर्रास भेटतात. भारताचा राष्ट्रीय संघ एखाद्या मोठ्या स्पर्धेच्या पात्रता फेरीत उतरतो, तेव्हा मात्र यांच्यापैकी बरेच जण शेवटचा निकाल तेवढा मोबाइलवर पाहतात आणि त्यावरून मत ठरवून मोकळे होतात. जिंकला तर संघ थोर आणि हरला तर टाकाऊ, असे हे मत असते. ज्याचे राष्ट्रीय संघावर प्रेम आहे त्याने असे उडते मत बाळगू नये, असे मला मनापासून वाटते. मोहीम दीड-दोन वर्षे चालते, तिचा हिशेब ठेवता येतो, आणि त्यासाठी एक जाड वही, एक पेन आणि थोडी चिकाटी पुरते. हा हिशेब कसा ठेवावा ते पुढे सांगतो आहे. उदाहरणे मुख्यतः पुरुष संघाच्या २०२३ ते २०२५ या काळातील घेतली आहेत, कारण तो काळ दुःखाचा असला तरी शिकण्यासारखे त्यात सर्वांत जास्त आहे.

सोडत निघाली त्या दिवशी वही उघडावी

पहिला सामना सुरू होण्याच्या कितीतरी आधी, सोडत निघाली त्याच दिवशी, पहिल्या पानावर तीन गोष्टी लिहाव्यात. गटात कोण आहे, गटातून किती संघ पुढे जाणार आहेत आणि पुढे गेल्यावर नेमके काय मिळणार आहे. यांतली तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची आहे आणि नेमकी तीच बहुतेकांच्या नजरेतून सुटते. २०२६ च्या विश्वचषकासाठी आशियातील पात्रतेची दुसरी फेरी नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाली, तेव्हा भारत कतार, कुवेत आणि अफगाणिस्तान यांच्या गटात होता. पहिल्या दोन संघांना तिसऱ्या फेरीत प्रवेश मिळणार, एवढे सर्वांना ठाऊक होते. त्याच दोन संघांना २०२७ च्या आशियाई चषकात थेट जागाही मिळणार होती, याकडे मात्र फार थोड्यांचे लक्ष होते. विश्वचषक आपल्या आवाक्याबाहेर होता असे मानले, तरी त्या सहा सामन्यांत आशियाई चषक पणाला लागलेला होता.

ही ओळ पहिल्या पानावर असती, तर २६ मार्च २०२४ रोजी गुवाहाटीत अफगाणिस्तानकडून १-२ असा पराभव झाला तेव्हा तो केवढा महाग आहे, हे त्याच रात्री उमगले असते. सुनील छेत्रीच्या पेनल्टीने भारत ३८ व्या मिनिटाला आघाडीवर गेला होता. सत्तराव्या मिनिटाला बरोबरी झाली आणि ८८ व्या मिनिटाला अफगाणिस्तानने पेनल्टीवर सामना नेला. पुढे ११ जूनला दोहा येथे कतारविरुद्ध भारत १-० असा पुढे असताना, गोलरेषेबाहेर गेलेला चेंडू आत ओढून केलेला गोल पंचांनी ग्राह्य धरला, आणि शेवटी तो सामनाही १-२ असा गेला. त्या फेरीत व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ पाहून पंचांचा निर्णय तपासण्याची सोय, नव्हते. अन्याय झाला यात शंका नाही आणि त्याची चीड येणे रास्तच आहे. पण वही काय सांगते ते पाहावे. कुवेत सिटीतील १-० विजयाचे तीन गुण आणि दोन गोलशून्य बरोबऱ्यांचे दोन, असे भारताचे एकूण पाच गुण झाले. दुसऱ्या क्रमांकावरील कुवेतचे सात होते. म्हणजे दोहाचा सामना जिंकला असता तर आपण आठ गुणांनी पुढे गेलो असतो, आणि गुवाहाटीचा सामना जिंकला असता तरीही तेवढ्याच गुणांनी पुढे गेलो असतो. दोहाबद्दल वर्षानुवर्षे बोलले जाते, गुवाहाटीबद्दल क्वचितच. माझ्या मते २०२७ च्या आशियाई चषकाचे पहिले दार गुवाहाटीत बंद झाले, आणि ते आपल्याच मैदानावर, आपल्या हातात असताना बंद झाले.

गुणांचे लक्ष्य आधी ठरवावे

दुसऱ्या पानावर गटाचा तक्ता आखावा आणि प्रत्येक सामन्यापुढे आपल्याला किती गुण हवेत ते आधीच लिहावे. सामना झाल्यावर लक्ष्य बदलायचे नाही, हा नियम कटाक्षाने पाळावा, कारण पराभवानंतर मन स्वतःची समजूत घालू लागते. २०२७ च्या आशियाई चषकाच्या अंतिम पात्रता फेरीत चार-चार संघांचे सहा गट होते आणि प्रत्येक गटातून फक्त विजेता पुढे जाणार होता. भारतासमोर बांगलादेश, हाँगकाँग आणि सिंगापूर होते आणि सोडतीत भारत पहिल्या कप्प्यातील, म्हणजे क्रमवारीने वरच्या संघांपैकी होता. अशा गटात घरचे तिन्ही सामने जिंकणे आणि बाहेर निदान दोन बरोबऱ्या साधणे हे किमान लक्ष्य असायला हवे, म्हणजे अकरा गुण. हा आकडा किती नेमका होता पाहा. सिंगापूरने पाच सामन्यांत बरोबर अकरा गुण मिळवले आणि एक सामना हातात ठेवून गट जिंकला.

भारताने मात्र २५ मार्च २०२५ रोजी शिलाँगमध्ये बांगलादेशशी गोलशून्य बरोबरी केली, १० जूनला हाँगकाँगमध्ये भरपाई वेळेतील पेनल्टीवर ०-१ असा सामना गमावला, ९ ऑक्टोबरला सिंगापूरमध्ये १-१ अशी बरोबरी साधली आणि १४ ऑक्टोबरला मडगावात सिंगापूरकडून १-२ असा पराभव पत्करला. चार सामन्यांत दोन गुण, आणि मोहीम संपली. मडगावच्या रात्री सगळीकडे हळहळ झाली, पण लक्ष्याचे पान ज्याच्याकडे होते त्याला शिलाँगमध्येच कळायला हवे होते की घरचे दोन गुण गेले आणि ते आता बाहेरून जिंकून आणावे लागणार.

समान गुण झाले तर काय, हेही त्याच पानावर लिहावे, कारण सर्व स्पर्धांचे नियम सारखे नसतात. वर सांगितलेल्या विश्वचषक पात्रता फेरीत समान गुणांनंतर आधी गटातील एकूण गोलफरक पाहिला जाई, तर आशियाई चषकात आधी त्या दोन संघांमधील परस्पर सामन्यांचा निकाल पाहतात. सिंगापूरने एक सामना बाकी असतानाच गट जिंकला तो यामुळेच. हाँगकाँगला अकरा गुणांपर्यंत पोहोचणे अजून शक्य होते, पण परस्पर सामन्यांत सिंगापूर वरचढ होते.

आपल्या दृष्टीने याहून बोलके उदाहरण जानेवारी २०१९ मधील आहे. संयुक्त अरब अमिरातीत झालेल्या त्या आशियाई चषकात भारताने पहिल्याच सामन्यात थायलंडला ४-१ असे हरवले, मग यजमानांकडून ०-२ असा पराभव झाला, आणि बहारीनविरुद्ध नव्वद मिनिटे ०-० राहिल्यावर ९१ व्या मिनिटाला पेनल्टीवर गोल बसला. तीन गुणांसह भारत गटात शेवटचा राहिला. तो एक गोल झाला नसता, तर भारत आणि थायलंड यांचे प्रत्येकी चार गुण झाले असते, परस्पर सामना आपण जिंकलेला असल्याने भारत गटात दुसरा आला असता आणि बाद फेरीत खेळला असता. गटातील शेवटचे स्थान आणि दुसरे स्थान यांच्यात एवढेच अंतर होते. नुसती अंतिम गुणतालिका पाहणाऱ्याला ते अंतर कधीच दिसत नाही.

सामना पाहताना काय टिपावे

टीव्हीवर कॅमेरा चेंडूच्या मागे धावतो आणि आपली नजरही त्याच्यामागे जाते. राष्ट्रीय संघाचा सामना जोखायचा असेल तर निदान काही वेळ नजर चेंडूवरून काढून आपल्या मध्यरक्षकांवर ठेवावी. बचावपटूकडे चेंडू असताना मध्यरक्षक चेंडू मागायला मोकळ्या जागेत येतो का, की प्रतिस्पर्ध्याच्या आड लपतो, यावरून संघाचा आत्मविश्वास लगेच कळतो. मागून सुरू झालेली चाल तीन-चार पासांनंतर पुन्हा गोलरक्षकाकडे परत येत असेल आणि मग लांब लाथेने संपत असेल, तर ते किती वेळा घडले याच्या उभ्या रेघा वहीत ओढाव्यात.

सामन्याचे पंधरा-पंधरा मिनिटांचे सहा भाग करावेत आणि प्रत्येक भागात दोनच गोष्टी नोंदवाव्यात. आपण प्रतिस्पर्ध्याच्या पेनल्टी क्षेत्रात ताब्यात ठेवून किती वेळा चेंडू नेला आणि तेथून गोलवर किती शॉट मारले. चेंडूवरील ताब्याची टक्केवारी पडद्यावर दिसते, तिला फार किंमत देऊ नये, कारण स्वतःच्या अर्ध्या भागात आडवे पास देऊनही ती वाढते. कॉर्नर आणि फ्री किक यांची नोंद वेगळी ठेवावी. भारतीय संघाला खुल्या खेळातून संधी कमी मिळतात, म्हणून थांबलेल्या चेंडूवर संदेश झिंगनसारखे उंच बचावपटू पुढे येतात तेव्हा काय होते, याला आपल्या बाबतीत विशेष महत्त्व आहे.

सहाही भाग भरले की सामन्याची चढउतार नजरेसमोर उभी राहते. जानेवारी २०२४ मध्ये कतारमधील आशियाई चषकात भारताचे तीन पराभव झाले: ऑस्ट्रेलियाकडून ०-२, उझबेकिस्तानकडून ०-३, सीरियाकडून ०-१. निकालांच्या यादीत ते सारखेच दिसतात. प्रत्यक्षात ऑस्ट्रेलियाला मध्यंतरापर्यंत गोल करता आला नव्हता, उझबेकिस्तानने तिन्ही गोल मध्यंतरापूर्वीच केले, आणि सीरियाचा गोल ७६ व्या मिनिटाला झाला. पहिल्या सामन्यात शिस्तबद्ध बचाव शेवटी थकला, दुसऱ्यात सुरुवातच कोलमडली, आणि तिसऱ्यात बरोबरीचा सामना शेवटच्या टप्प्यात निसटला. या तीन वेगळ्या दुखण्यांवर एकच औषध चालणार नाही.

गोलशून्य बरोबरी कशी वाचावी हेही याच नोंदीवरून कळते. १० सप्टेंबर २०१९ रोजी भारताने दोहामध्ये कतारला ०-० असे रोखले. कतार त्या वेळी आशियाई विजेता होता, छेत्री आजारपणामुळे खेळत नव्हता आणि कर्णधार गुरप्रीत सिंग संधूने गोलजाळ्यासमोर असाधारण खेळ केला. शिलाँगची ०-० याच्या अगदी उलट होती. घरचे मैदान, क्रमवारीत खालचा प्रतिस्पर्धी, आणि तरीही हमझा चौधरीने पहिल्यांदाच बांगलादेशसाठी खेळत मध्यभागी सामन्याची सूत्रे हाती घेतली. गुणतालिकेत दोन्ही ठिकाणी एकच गुण मिळाला. पहिल्या गुणाबद्दल मला आजही अभिमान वाटतो आणि दुसऱ्याची खंत वाटते.

लाल-पिवळ्या कार्डांसाठी वहीत एक छोटा रकाना पुरतो, पण तो विसरू नये. सिंगापूरमध्ये झिंगनला दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीलाच लाल कार्डामुळे बाहेर जावे लागले आणि पाच दिवसांनी मडगावात तो खेळू शकला नाही. तेथे सिंगापूरचे दोन्ही गोल सोंग उई-यंगने केले. या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय मडगावच्या बचावावर बोलू नये.

गोल कोण करतो, आणि कोणाला करू दिले जातात

वहीची शेवटची काही पाने फक्त आपल्या गोलांसाठी राखावीत. नोव्हेंबर २०२३ पासून नोव्हेंबर २०२५ पर्यंत भारताने विश्वचषक पात्रतेचे सहा, आशियाई चषकाचे तीन आणि आशियाई चषक पात्रतेचे पाच, असे चौदा सामने खेळले. या चौदा सामन्यांत भारताचे एकूण गोल पाच: कुवेतविरुद्ध मनवीर सिंग, अफगाणिस्तानविरुद्ध छेत्रीची पेनल्टी, कतारविरुद्ध लालियानझुआला छांगटे, सिंगापूरविरुद्ध रहीम अली आणि पुन्हा सिंगापूरविरुद्ध छांगटे. पाचही गोलांची कथा एका पानात मावते, आणि माझ्या मते भारतीय फुटबॉलचा सध्याचा सर्वांत गंभीर दस्तऐवज हे पान आहे.

छेत्रीने ६ जून २०२४ रोजी कोलकात्यात कुवेतविरुद्ध ९४ गोलांवर निरोप घेतला, आणि दहा महिन्यांच्या आत वयाच्या चाळिसाव्या वर्षी त्याला परत बोलवावे लागले. १९ मार्च २०२५ रोजी शिलाँगमध्ये मालदीवविरुद्धच्या ३-० विजयात त्याने गोलही केला. त्याच्या जिद्दीला मनःपूर्वक नमस्कार. पण चाळिशीतील खेळाडूला परत आणावे लागते, याचा अर्थ त्याची जागा घेणारा कोणी घडला नाही, असा होतो. याचे कारण प्रेक्षकालाही तपासता येते. इंडियन सुपर लीगचा, म्हणजे देशातील अव्वल क्लब-लीगचा, कोणताही सामना लावावा आणि दोन्ही संघांचा मधला आघाडीपटू, म्हणजे गोलच्या सर्वांत जवळ खेळणारा, भारतीय आहे की परदेशी, एवढे लिहावे. मैदानावर एका वेळी चार परदेशी खेळाडू चालतात आणि बहुतेक क्लब त्यांतील एकाला याच जागी ठेवतात. क्लबच्या दृष्टीने ते समजण्यासारखे आहे. परिणाम असा की मनवीर आणि छांगटे यांच्यासारखे आपले उत्तम आक्रमक वर्षभर कडेने खेळतात, आणि राष्ट्रीय संघात आल्यावर मात्र मधल्या जागेवरून गोल करणारा कोणी हवा असतो. हंगामभर हा रकाना भरला, तर गोल का होत नाहीत हे कोणाला विचारावे लागत नाही.

महिला संघासाठीही हेच पान ठेवावे. जून-जुलै २०२५ मध्ये थायलंडमधील चियांग माई येथे आपल्या महिला संघाने मंगोलियावर १३-०, तिमोर-लेस्टेवर ४-०, इराकवर ५-० आणि शेवटी यजमान थायलंडवर २-१ असे विजय मिळवून २०२६ च्या आशियाई चषकात पात्रता फेरीतून पहिल्यांदाच प्रवेश मिळवला. थायलंडविरुद्धचे दोन्ही गोल संगीता बासफोरने केले. चार सामन्यांत २४ गोल. पहिल्या तीन प्रतिस्पर्ध्यांचा दर्जा लक्षात घेऊनही शेवटच्या सामन्याचे मोल कमी होत नाही, कारण गटातून एकच संघ पुढे जाणार होता आणि यजमानांना त्यांच्याच मैदानावर हरवायचे होते. त्या रात्री खान्देशात किती घरांत हा सामना पाहिला गेला असेल, या विचाराने मला वाईट वाटते.

क्रमवारीला किती महत्त्व द्यावे

थोडेच. २०१८ पासून फिफाची क्रमवारी सामन्याच्या महत्त्वानुसार गुण देते. ठरलेल्या आंतरराष्ट्रीय काळातील मैत्रीपूर्ण सामन्याचा गुणक १०, पात्रता सामन्याचा २५ आणि खंडीय स्पर्धेतील सुरुवातीच्या सामन्यांचा ३५ असतो. दोन समबल संघांत मैत्रीपूर्ण सामना जिंकला तर ५ गुण मिळतात, पात्रता सामना जिंकला तर साडेबारा. २०२३ मध्ये भारत जुलैत ९९ व्या क्रमांकावर पोहोचला, तेव्हा इंफाळ, भुवनेश्वर आणि बंगळूरू येथील तिन्ही स्पर्धा घरच्या मैदानावर जिंकलेल्या होत्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये ढाक्यात बांगलादेशकडून ०-१ असा पराभव झाल्यावर भारत १४२ वर घसरला. घरच्या विजयांनी चढलेला आकडा बाहेरच्या सामन्यांत टिकतो का, हे पाहण्यासाठी क्रमवारीशेजारी ‘घर’ आणि ‘बाहेर’ असे दोन रकाने आखले की पुरे.

प्रशिक्षकाबद्दल बोलण्यापूर्वी

पराभवानंतर पहिली मागणी प्रशिक्षकाला काढण्याची होते. स्टीफन कॉन्स्टंटाइन २०१९ च्या स्पर्धेनंतर स्वतः गेले, इगोर श्टिमाच यांना २०२४ मध्ये काढले, मानोलो मार्केझ एका वर्षात गेले आणि ऑगस्ट २०२५ पासून खालिद जमील आहेत. चार नावे बदलली, गोलांचे पान फारसे बदलले नाही. म्हणून प्रशिक्षकावर मत देण्यापूर्वी वहीत तीन नोंदी असाव्यात: स्पर्धेपूर्वी त्याला संघाबरोबर सलग किती दिवस मिळाले, त्या वेळी देशातील लीग चालू होती का, आणि जायबंदी खेळाडूंपैकी कोण उपलब्ध नव्हते. जानेवारी २०२४ च्या आशियाई चषकापूर्वी श्टिमाच यांना संघ जेमतेम दोन आठवडे मिळाला, आणि अन्वर अली, जिक्सन सिंग व आशिक कुरुनियन तिघेही दुखापतीमुळे बाहेर होते. मार्केझ राष्ट्रीय संघाबरोबर एफसी गोवा या क्लबचेही काम पाहत होते, आणि हा निर्णय त्यांनी एकट्याने घेतलेला नव्हता. जमील आले तेव्हा अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आणि लीगची व्यावसायिक भागीदार कंपनी यांच्यातील करार संपत आल्याने आधीची दोन वर्षे सप्टेंबरात सुरू झालेली लीगच अडकून पडली होती, आणि सामन्यांचा सराव नसलेले खेळाडू घेऊन त्यांना ऑक्टोबरात उतरावे लागले. त्याआधी मध्य आशियाई स्पर्धेत त्यांनी ताजिकिस्तानला २-१ ने हरवून आणि ओमानवर पेनल्टी शूटआउटमध्ये मात करून तिसरा क्रमांक मिळवला होता, हेही त्याच पानावर हवे.

या सगळ्याने प्रशिक्षक दोषमुक्त होतो, असे नाही. बदली खेळाडू कोणत्या मिनिटाला उतरवले हा पूर्णपणे त्याचा निर्णय असतो आणि तो दर सामन्यात नोंदवावा. पण वेळापत्रक, लीग आणि शिबिराचे दिवस हे महासंघाचे काम आहे, आणि त्याचा जाब महासंघालाच विचारला पाहिजे.

जुन्या वैभवाशी तुलना करतानाही हीच शिस्त ठेवावी. १९६२ मध्ये जकार्ता येथे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्या संघाने दक्षिण कोरियाला २-१ ने हरवून मिळवलेले आशियाई क्रीडा स्पर्धेचे सुवर्णपदक हा आपला सर्वोच्च क्षण आहे. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमधील चौथ्या क्रमांकाबद्दल बोलताना मात्र हंगेरीने माघार घेतल्याने पहिला सामना खेळावाच लागला नव्हता, हेही सांगावे. नेव्हिल डिसोझाच्या ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या तीन गोलांचे तेज त्याने कमी होत नाही.

एकत्र कसे पाहावे

एकट्याने पाहिलेला सामना निकालावर संपतो, चार जणांत पाहिलेल्या सामन्यावर बोलणे होते. म्हणून आपल्या गावात गट जमवावा. वेळेचा हिशेब सोपा आहे. हाँगकाँग-सिंगापूरचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे, त्यामुळे तेथील रात्री आठचा सामना आपल्याकडे साडेपाचला सुरू होतो. कतार अडीच तास मागे असल्याने तेथील संध्याकाळी पाचचा सामना आपल्याकडे साडेसातला. आशियाई चषकाच्या मागील दोन्ही स्पर्धा जानेवारीत होत्या, आणि जानेवारी म्हणजे आपल्याकडे भरीत पार्ट्यांचे दिवस. शेतात किंवा गच्चीवर माणसे जमणारच असतात, तेथे पडदा लावला तर वेगळे आमंत्रण द्यावे लागत नाही. भरीत-पुरीचे जेवण सामन्यापूर्वी उरकावे किंवा मध्यंतरानंतर ठेवावे, खेळ चालू असताना पंगत बसवू नये. ग्रामीण भागात वीज जाण्याची शक्यता गृहीत धरून इन्व्हर्टर किंवा पूर्ण चार्ज केलेला मोबाइल आणि हॉटस्पॉट हाताशी ठेवावा. सामना कोणत्या वाहिनीवर किंवा अॅपवर आहे याची खात्री आदल्या दिवशीच करावी, कारण भारतीय संघाच्या सामन्यांचे प्रक्षेपण एकाच ठिकाणी कायम राहत नाही. नोंदींची कामे वाटून द्यावीत: एकाने आपले शॉट मोजावेत, दुसऱ्याने प्रतिस्पर्ध्यांचे, तिसऱ्याने बदली खेळाडूंची मिनिटे. शाळकरी मुलांना हे काम फार आवडते आणि ती ते मोठ्यांपेक्षा नेटाने करतात.

शक्य असेल त्याने एकदा तरी मैदानात जावे. कोलकात्याच्या युवाभारती क्रीडांगणासाठी भुसावळहून हावड्याला थेट गाड्या आहेत, आणि मडगावसाठी भुसावळ-मनमाड मार्गे जाणारी गोवा एक्सप्रेस आहे. मैदानात कॅमेऱ्याची सक्ती नसते. चेंडू दुसऱ्या टोकाला असताना आपली बचावफळी किती पुढे सरकते, दोन मध्यरक्षकांत किती अंतर पडते, हे तेथे बसल्यावर पहिल्या दहा मिनिटांत दिसते.

तालुक्याच्या मैदानापर्यंत

सीरिया, उझबेकिस्तान, जॉर्डन यांच्याशी आपली तुलना करताना एक गोष्ट सतत समोर ठेवावी. जानेवारी २०२४ मध्ये आपल्याला ३-० ने हरवणारे उझबेकिस्तान जून २०२५ मध्ये पहिल्यांदाच विश्वचषकासाठी पात्र ठरले, आणि त्याआधी त्यांनी २०२३ मध्ये वीस वर्षांखालील व २०२५ मध्ये सतरा वर्षांखालील आशियाई स्पर्धा जिंकल्या होत्या. वरच्या संघाचे यश खालच्या वयोगटात काही वर्षे आधी दिसते. म्हणून राष्ट्रीय संघाच्या वहीतच युवा संघांसाठी पाने राखावीत. नोव्हेंबर २०२५ मध्ये अहमदाबादेत आपल्या सतरा वर्षांखालील मुलांनी इराणला २-१ असे हरवून आशियाई स्पर्धेत स्थान मिळवले. अहमदाबाद आपल्याला काही परके नाही. ताप्ती मार्गाने अमळनेर-नंदुरबारहून सुरत आणि तेथून पुढे एवढेच अंतर आहे. तरी तो सामना पाहायला आपल्या भागातून फारसे कोणी गेले असेल असे वाटत नाही. त्या संघातील आघाडीपटूंची नावे आत्ताच लिहून ठेवावीत आणि दर वर्षी तपासावे की ते कोणत्या क्लबात आहेत, कोणत्या जागी खेळतात आणि त्यांना किती मिनिटे मिळतात.

सुब्रतो मुखर्जी चषकाच्या शालेय स्पर्धा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत होतात. जिल्ह्यातून जिंकणारा संघ विभागात आणि तेथून राज्य पातळीवर जातो. जळगाव, धुळे, नंदुरबारचे सामने पावसाळ्याच्या दिवसांत होतात आणि बहुधा शिक्षक व खेळाडूंचे पालकच ते पाहायला असतात. वेळापत्रक क्रीडा कार्यालयात विचारले की मिळते. वही घेऊन एका सामन्याला जावे आणि राष्ट्रीय संघासाठी आखलेला तोच तक्ता भरावा: पेनल्टी क्षेत्रात चेंडू किती वेळा गेला, मधल्या आघाडीपटूला पास किती मिळाले, आणि पाठीशी बचावपटू असताना त्याने वळून शॉट मारायचा प्रयत्न किती वेळा केला. वळून मारणारे पोर दिसले तर त्याचे नाव त्याच्या क्रीडाशिक्षकाला विचारून घ्यावे, आणि विभागीय सामन्याच्या दिवशी पुन्हा जावे.